जुन्या साच्याचे पासवर्ड

४ मार्च, सोमवार

वीस वर्षांपूर्वी माझे पहिले साहेब म्हणाले होते, "काम अडलं म्हणून दार सैल करायचं नाही, बाई. मग कोण आलं ते विचारायचा हक्क राहत नाही." आज नव्या नोकरीचा पहिला दिवस, म्हणून आठवलं असावं.

हॉस्पिटलचा नोंदणी विभाग. मोठी खिडकी, स्वतःचं टेबल आणि चक्क न करकरणारी खुर्ची! ती थोरल्या बाईंची. त्यांनी एकतीस वर्षं इथला डेटाबेस सांभाळला आणि गेल्या महिन्यात याच खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. हेडक्लार्क म्हणाले, घाबरू नका, बाई कुणाला त्रास द्यायच्या नाहीत, फक्त रजा द्यायच्या नाहीत.

घर दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. आईला आता उजेड-अंधार तेवढा कळतो, म्हणून आमचा लहानपणचा खेळ पुन्हा सुरू केलाय. मी दार वाजवायचं, तिने 'कोण?' विचारायचं, मी 'तीन बटणं' म्हणायचं. शाळेच्या पहिल्या दिवशी मी फ्रॉकची तीन बटणं हरवून आले होते, तेव्हापासूनचा तो शब्द. तिला बजावलंय, शब्द चुकला तर उघडायचं नाही, आवाज माझा असला तरी. आज दार उघडल्यावर तिने माझा अंगठा चाचपला, त्यावरचा सुरीचा जुना व्रण सापडला, आणि मगच हसली.

५ मार्च, मंगळवार

काल संध्याकाळी सगळ्या संगणकांवर नवा प्रोग्राम चढवला. आज सकाळपासून निम्म्या लोकांना डेटाबेसमध्ये शिरताच येईना. पासवर्ड बरोबर, तरी पडद्यावर 'चुकीचा'. दुपारी कारण सापडलं. जुन्या लोकांचे पासवर्ड सर्व्हरवर जुन्या साच्यात साठवलेले आहेत, आणि नवा प्रोग्राम तो साचा ओळखत नाही. उपाय सोपा पण जीव खाणारा: एकेकाला समोर बसवून नवा पासवर्ड करून घ्यायचा. एक्स-रेवाले काका तीनदा विसरले. म्हणाले, इतकी वर्षं बायकोचं नाव चालत होतं, आता या वयात बायको बदलू का?

दिवसभरात अकरा जण झाले. एकोणतीस बाकी.

६ मार्च, बुधवार

दाराबाहेर रांग. वॉर्डातल्या सिस्टर खाली येऊन ओरडून गेल्या, पेशंट टेबलावर आहे आणि त्याची जुनी फाईल उघडत नाही. डोकं ठणकत होतं, पाय भरून आले होते. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ असते, जुना साचाही चालवून घ्यायची. ती बदलली. दोन मिनिटांत सगळे आत. हेडक्लार्कनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचं वाक्य आठवलं, पण थकलेल्या माणसाला वाक्यांचं काय. उरलेल्यांचे पासवर्ड शनिवारी निवांत करीन आणि ओळ पूर्ववत करीन.

७ मार्च, गुरुवार

कोण कधी आत आलं त्याची यादी बघत होते. सव्वानऊ वाजता थोरल्या बाईंचं खातं आत आलंय. तेही माझ्या टेबलावरच्या संगणकावरून, आणि सव्वानऊला तिथे मीच बसले होते.

हेडक्लार्क म्हणाले, खातं बंद करायचं राहून गेलं असेल, कुणी आळशी वापरत असणार. मी ते बंद केलं. दोनदा तपासलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, आज दुसऱ्यांदा आलीस का गं?

८ मार्च, शुक्रवार

खातं पुन्हा चालू. चालू करणारी मी, असं यादीत लिहिलंय. वेळ नऊ वाजून दहा मिनिटं. तेव्हा मी जिन्यात होते.

शनिवारची वाट न बघता ती ओळ पूर्ववत केली. बाहेर पुन्हा रांग, पुन्हा आरडाओरडा. आत फक्त थोरल्या बाई. त्यांना आता अडवता येत नाही, त्यांचा पासवर्ड कालच नव्या साच्यात बदललाय. बदलणारीही मीच.

११ मार्च, सोमवार

माझा पासवर्ड चुकीचा. नवा मागितला, तोही चुकीचा. यादीत माझं नावच नाही. हेडक्लार्कना हाक मारली. त्यांनी अदबीने विचारलं, कुणाला भेटायचंय? मला चेष्टा वाटली, मी हसले. ते हसले नाहीत.

१२ मार्च, मंगळवार

फाटकावर अडवलं. खिडकीतून पाहिलं — खुर्चीत पाठमोरी बाई — अंगात माझा निळा स्वेटर. परवा घरीच होता तो.

१२ मार्च, दुपार

धावत घरी आले. दार वाजवलं. कोण? तीन बटणं.

 मग आई म्हणाली, तो जुना झाला. आज सकाळीच बदलला आम्ही. माझी मुलगी घरात आहे, आत भांडी लावतेय.

भांड्यांचा आवाज येतोय. आणि गुणगुणणं — माझंच.

'आत कोण आहे?' असं विचारणार होते. साहेबांचं वाक्य आठवलं.

आई घाबरलीय. तिने वरची कडीही लावली. शहाणी आहे — मीच शिकवलं तसं वागतेय —

जिन्यावर बसून लिहितेय. आता पुन्हा वाजवते. नाहीच म्हणेल ती, माहीत आहे. तरी म्हणेन — आई, दार नको उघडूस. खालच्या फटीतून फक्त बोटं बाहेर काढ. माझा अंगठा एकदा चाचपून —