मनगटाचे व्यायाम

प्रिय दादा,

मनगट सुजलंय, व्यायाम सांग, असा तुझा निरोप मिळाला. कशाने सुजलं ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. या आठवड्यात माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तुमच्या गल्लीतली बरीच मंडळी आली. सगळ्यांचा उजवाच हात. तुमचे किराणावाले काका म्हणाले, "चोराला चांगला धुतला, पण आपलंही वय झालं की!" मी हसले आणि त्यांना बर्फ लावायला सांगितलं.

तो चोरही माझ्याकडेच येतो. खरं तर तो कुरिअरवाला. पत्ता चुकून तुमच्या जिन्यात शिरला होता. त्याचा खांदा निखळलाय. काल बाकावर तो काकांच्या शेजारीच बसला. काकांनी त्याला ओळखलं नाही. "अरेरे, पडलास का रे?" म्हणाले. तो "हो" म्हणाला आणि त्याने काकांना आपल्या आधी आत सोडलं.

हे पत्र मी तुला पाठवणार नाही. वाचलंस तर यायचा नाहीस. उद्या तुला त्याच्यानंतरची वेळ दिली आहे. त्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. तो बाहेर आला की मी एवढंच म्हणेन, "दादा, जरा लावून दे ना."

तुझीच,
धाकटी