आई, खड्डा खणू नका

हडपसर, पुणे
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. तनुजास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. आमोदलाही सांग, त्याची आई गुडघ्यांची गोळी वेळेवर घेते. फोनवर मी हवापाण्यावरून भाजीच्या भावावर जाते आणि ठेवून देते, म्हणून लिहायला बसले.

बातमी अशी, की काल सकाळी बागेत, अळवात, घूस मरून पडली होती. चांगली हातभर. शेजारच्या सीतारामभाऊंनी नाकाला रुमाल लावून भरपूर मार्गदर्शन केलं. कुंपण ओलांडून मात्र आले नाहीत.

फावडं हवं म्हणून तुझी बागेच्या सामानाची पेटी उघडली. तुम्ही दोघं वाघोलीला राहायला गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, पहिल्यांदाच. झाकणाच्या आत तुझ्या अक्षरातला कागद चिकटवलेला. 'आई, बागेत काही मेलेलं सापडलं तर.' खाली तुम्ही गेलात त्याच दिवसाची तारीख.

मग कागद म्हणेल तसं केलं. हातमोजे घातले, नाकातोंडाला फडकं बांधलं. पिसवा असतात म्हणून आधी लांबून फिनेलचं पाणी शिंपडलं. फावड्याने उचलून पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर घट्ट गाठ. 'आई, खड्डा खणू नका, कंबर धरेल. महापालिकेला फोन करा.' केला. दुपारी गाडी आली आणि घेऊन गेली. जागेवर ब्लीचिंग पावडर टाकली, फावडं धुतलं. शेवटी तू लिहिलंयस, 'हात साबणाने दोनदा धुवा. आणि आई, मग चहा घेऊन स्वस्थ बसा.'

चहा घेतला. स्वस्थ काही बसता आलं नाही.

तू विसरली नसशीलच, पण मला ते एकदा लिहायला हवं. तुला तिसरा महिना होता आणि त्याच अळवापाशी खार मरून पडली होती. तू ती अशीच, हातमोजे घालून उचललीस. जनावरांच्या दवाखान्यात रोज काम करणारी तू, तुला कोण शिकवणार? आठवड्याभरात मूल गेलं. डॉक्टरांनी आपल्या दोघींसमोर सांगितलं, की वाढ त्याच्या कितीतरी आधी थांबली होती, यात कुणाचीच चूक नाही. मी ते नीट ऐकलं होतं. तरी घरी आल्यावर चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "मेलेल्याला हात लावायला हिला कुणी सांगितलं होतं?"

ते खोटं होतं, तनुजा. खोटं आहे हे मला बोलतानाच ठाऊक होतं. नातवंड गेल्याचं दुःख सोसवेना, ते मी तुझ्या अंगावर ढकललं. चुकले मी. तू इकडे का येत नाहीस, असं विचारणाऱ्यांना सांगते, तिला सुट्टी मिळत नाही.

त्या दिवसापासून तू मला कशानेच हाक मारत नाहीस. फोनवर नुसतं 'बऱ्या आहात ना'. आणि माझं ते बोलणं ऐकून घेऊन, सामान बांधता बांधता, तू माझ्या कंबरेची काळजी लिहून ठेवलीस. कागदात तीनदा 'आई' आहे. मी मोजलं.

रविवारी येशील का? अळूवड्या करीन. पानं बाजारातून आणीन, त्या वाफ्यातली नाही घेणार. नाही जमलं तरी मी रागावणार नाही, तेवढा हक्क मला राहिलेला नाही.

तुझी,
निदान कागदावरची,
आई