न आलेला चौथा

बाबा, चौथा सापडला नाही. बारा वर्षं शोधला, आणि गेल्या महिन्यात कळलं की आम्ही जिथे बघत होतो तिथे तो नाहीच. तरी मी इतकी खुशीत होते की त्याच संध्याकाळी वर्सोव्याला जाऊन सुरमई आणली, आणि तुमचा नातू विचारत होता, आज कुणाचा वाढदिवस आहे का.

संशोधनाला नुकती लागले होते तेव्हा तुमच्या मरोळच्या वर्कशॉपमध्ये, तुम्ही डबा खात असताना मी हे सगळं समजावलं होतं. न्यूट्रिनो नावाचे कण, आपल्या अंगातून आरपार जातात आणि पत्ता लागू देत नाहीत. त्यांचे प्रकार तीन, आणि वाटेत ते एकमेकांत बदलत राहतात. एक चौथाही असेल, अशी शंका आहे, पण तो कशालाच शिवत नाही. "मग गावतलो कसो?" तुम्ही विचारता. मी सांगते, थेट सापडणार नाहीच, पण निघाले त्यापेक्षा कमी पोचले, तर काही चौथ्यात गेले असं धरायचं. तुम्ही भाकरी मोडत म्हणता, "म्हणजे ज्येवणाक कोण इलो नाय, तां बघतंस तू." इतकं सोपं मला आजही वर्गात सांगता येत नाही.

त्याच वर्कशॉपमध्ये, दहावीच्या सुट्टीत, मी तुमच्याकडून बोलणी खाल्ली होती. तुमचा नियमच होता, तयार शाफ्ट दोघांनी मोजायचा, आपापला आकडा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी ठेवायची, आणि दोन्ही ठेवून झाल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. त्या दिवशी दुसरा कारागीर आला नव्हता म्हणून मायक्रोमीटर माझ्या हातात आला. मी हळूच तुमची चिठ्ठी उचकून बघितली, आकडा जुळेना, तेव्हा माझा खोडून तुमचा लिहिला. तुमचा चष्मा घरी राहिला होता हे कुणाच्या लक्षात? माल घेणाऱ्या पार्टीने शाफ्ट परत पाठवला. "माझी चूक ती माझी," तुम्ही म्हणालात, "तुझो आकडो बरोबर होतो, तो खोडलंस कित्याक?"

आमच्या प्रयोगातही उत्तर असंच स्वतःपासून झाकून ठेवतात, सगळी तपासणी संपेपर्यंत. आकाशाचा अभ्यास करणारे कधीचे म्हणत होते, विश्वाच्या सुरुवातीच्या उजेडात आणि दीर्घिकांच्या पसाऱ्यात चौथ्याला जागाच दिसत नाही. जमिनीवरच्या काही प्रयोगांत मात्र आकडे चुकत होते, आणि माझा सगळा जीव त्या चुकण्यात अडकलेला. चौथा हवाच होता मला. उत्तर उघडलं, तर सगळे पोचलेले, कुणी कमी नाही. माझी विद्यार्थिनी पडलेल्या चेहऱ्याने म्हणाली, "मॅडम, वाट लागली ना आपली?" मी म्हटलं, "कशाने गं? एवढा हवा होता, तरी हात लावला नाही आपण आकड्याला. झकास काम झालंय." आणि मला खरंच नाचावंसं वाटत होतं.

आता एकच राहिलं. तुमच्या शेवटच्या आठवड्यात, उत्तर अजून झाकलेलंच असताना, हॉस्पिटलात तुम्ही विचारलंत, "गावलो काय गो?" आणि मी म्हटलं, "गावला, बाबा." तुम्ही अख्ख्या वॉर्डला पेढे वाटायला लावलेत, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना उठवून सांगितलंत. हे पत्र पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही तिथेही एव्हाना सगळ्यांना सांगून बसला असाल.