दोन परातींची कणीक

सोल, मंगळवार दुपार

प्रिय आई,

सासूबाई म्हटलं की तुम्ही फणकारता, म्हणून आईच. गुडघे काय म्हणतात? इथली एक गंमत आधी सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. इथे घरांच्या जमिनी खालून तापवलेल्या असतात! चूल नाही, शेगडी नाही, नुसतं बसलं की खालून ऊब. मी आल्या आल्या पाय पसरून बसले ती उठलेच नाही. आपल्या मालिकांमधल्या राण्या, दासी, प्रधान सगळे तासन्‌तास जमिनीवर बसून कारस्थानं करायचे, तेव्हा तुम्ही पीठ मळता मळता म्हणायचात ना, "यांचे गुडघे कशाचे आहेत गं झुलैहो?" तर हे त्याचं उत्तर. गुडघे आपल्यासारखेच, जमीन गरम!

हे पत्र सोबिरच्या हाती पाठवतेय. तोच, आपल्या गल्लीच्या टोकाचा, इथे कारखान्यात असतो. उद्या घरी मार्गिलानला निघालाय. फोन का नाही केला म्हणून ओरडू नका. फोन आला की तुम्ही "आवाज येत नाही, आवाज येत नाही" करत अंगणात जाता आणि मग आपलं बोलणं शेजारच्या कोंबड्यांनासुद्धा पाठ होतं. मला जे सांगायचंय ते शुक्रवारच्या आत तुम्हाला, आणि तुम्हालाच, कळायला हवं. शुक्रवारी कोकंदची मंडळी येणार, तुमचे थोरले भाऊ दोन्ही घरांच्या मधे बसून रोटी मोडणार, आणि एकदा मोडलेली रोटी काही परत जुळत नाही. आपल्या पोरीचं, इरोदाचं लग्न ठरलं ते ठरलं. मुलगा वाईट नाही हो, कान तेवढे मोठे आहेत. पण ते नंतर. आधी मला पोटभर बोलू द्या, चार दिवस मनात साठवून फुटायची वेळ आलीय.

निघायच्या दिवशीची पहाट आठवते का? तुम्ही दोन पराती घेऊन बसला होतात. मी म्हटलं, अहो, रोट्या दोनच, एक माझी आणि एक इरोदाची, त्याला दोन-दोन पराती कशाला भरवायच्या? मला थंडीत घासाव्या लागतात. तर तुम्ही वरसुद्धा पाहिलं नाहीत, "तू तुझी बॅग भर" म्हणालात. मग दारात उभं करून आम्हाला घास तोडायला लावलेत. माझी रोटी कशी लुसलुशीत, जिभेवर विरघळली. इरोदा मात्र चावता चावता ओरडली, "आजी, दात पडतील माझे!" आणि तुम्ही तिच्या पाठीत धपाटा घालून म्हणालात, "मोठा घास घे, लाजतेस काय!" दोन्ही रोट्या फडक्यात बांधून खिळ्याला टांगल्यात. परत येऊन ज्याची त्याने संपवायची, रोटी वाट बघते आणि माणसाला ओढून आणते, हे काय मी पहिल्यांदा ऐकत होते? पण इरोदाचे बाबा गाडीचा हॉर्न वाजवत होते, माझं लक्ष सगळं पासपोर्टात.

आणि आई, राजवाडा पाहिला! आपला राजवाडा! ज्या अंगणात धाकट्या राणीला गुडघ्यावर बसवून ठेवलं होतं, ज्यासाठी तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात, त्या अंगणात मी उभी राहिले. बर्फ पडला होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. इरोदा म्हणे, "अम्मा, लोक बघतायत." बघेनात का! इथे त्यांचा जुना पोशाख घालून गेलं की तिकीट माफ असतं. पोरीपोरी भाड्याने घागरे घेऊन फिरतात. मी आपली अटलसचा निळा-पिवळा झगा घालून दारात ताठ उभी. म्हटलं, हाही जुनाच पोशाख आहे, रेशीम आहे, मी स्वतः शिवलाय, ह्याला का नाही सूट? दारावरचा माणूस गोंधळला. मग मी माझं ठेवणीतलं कोरियन काढलं. इतकी वर्षं मालिका बघून जे आलंय तेच ना! मान लववून म्हटलं, "महाराज, आपल्या कृपेला सीमा नाही." तो बिचारा हसून हसून भिंतीला टेकला. तिकीट घ्यावं लागलंच. पण एक म्हातारी जवळ आली, माझी बाही दोन बोटांत धरून रेशमाचा पोत बघितला आणि अंगठा वर केला. तुमच्यासारखीच, कापडाला हात लावल्याशिवाय राहवेना. तेव्हापासून बसवाल्याला, भाजीवालीला, सगळ्यांना मी महाराजच म्हणते. इरोदा चार पावलं लांबून चालते.

आता फजिती ऐका. राहतो त्या गल्लीत एक बेकरी आहे. आत शिरले तर काय, टोपलीतले निम्मे पाव उपडे! तोंड खाली, पाठ वर. अन्न असं उपडं घालतात का? घराची बरकत जाईल! मी हातातली पिशवी ठेवली आणि एकेक उचलून सरळ करत सुटले. दुकानातली मुलगी किंचाळली. लोक जमले. मला वाटलं, आता पोलीस येतात. आतून मालकीण आली, पिठाने माखलेले हात, चेहरा असा की आता लाटण्यानेच हाणेल. आणि आई, आपली इरोदा पुढे झाली. दोन्ही हात पोटाशी धरून वाकली आणि बोलायला लागली. आपल्या घरात चार माणसं आली की जी चहाचा पेला ठेवून भिंतीला चिकटते, ती पोरगी! भरभर, गोड, न अडखळता. कोरियनच्या शिकवणीत वेरा बाईंनी शिकवलेलं आणि ज्यांच्या कार्यक्रमासाठी ही सहल काढली त्या पाच पोरांच्या गाण्यांतून उचललेलं सगळं बाहेर आलं. मालकीण आधी ऐकत राहिली, मग हसली, मग स्वतःच उरलेले पाव सरळ करायला लागली. वर आम्हाला दोन पाव बांधून दिले. मी बाहेर येऊन विचारलं, काय सांगितलंस गं तिला? म्हणाली, "एवढंच, की माझ्या आजीच्या घरात पाव झोपत नाहीत." तुमचं नाव काढलं बरं का!

गाण्याच्या कार्यक्रमाचं विचारू नका. मला वाटलं होतं, मी आपली कानात कापूस घालून मागे बसेन. कसलं काय! हजारो दिवे एकाच वेळी हलतात, आणि ती पाच पोरं अशी नाचतात की हाडं आहेत की नाहीत कळत नाही. माझ्या शेजारी साठीची एक बाई होती, तिने माझ्या हातातही एक दिवा कोंबला. मग मी काय ओरडले, काय ओरडले! दुसऱ्या दिवशी आवाज बसला. इरोदा एका बाजूला गातेय, रडतेय, हसतेय, आणि मधेच माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "अम्मा, आता माझी काही तक्रार नाही." मला वाटलं आनंदाने म्हणतेय.

काल मला म्हणाली, चल, एका मालिकेचं चित्रीकरण झालं होतं ती जागा दाखवते. टेकडीवर एक विद्यापीठ आहे, लाल विटांचं. चढताना मला धाप लागली. इरोदाने मला एका खोलीत नेलं आणि टेबलामागची बाई उठून उभीच राहिली, "इरोदा? इरोदा ना तू?" मी बघतच राहिले. हिला कसं माहीत नाव? मग निघालं सगळं. आपल्या इरोदा बाईसाहेब ताशकंदला मामाकडे गेल्या होत्या तेव्हा इथली परीक्षा देऊन आल्या होत्या. वेरा बाईंना माहीत होतं. जागा मिळाली, फी माफ झाली, वर्ग पुढच्या सोमवारी सुरू. आणि आपल्याला पत्ता नाही! मी तिला बाहेर पायऱ्यांवर ओढून काढलं आणि तोंडाला येईल ते बोलले. मोठी झालीस? आईला बनवतेस? आजीच्या तोंडाला काळं फासतेस? आजीच्या थोरल्या भावांनी शब्द दिलाय तो कोणाच्या जिवावर? शेवटी हळूच म्हणाली, "अम्मा, मी राहायला नाही आले. नाही म्हणायला आले. त्यांनी एवढं दिलं, त्यांना फोनवर कसं नाही म्हणायचं? समोर जाऊन, वाकून सांगायचं होतं. आणि ती खोली एकदा बघायची होती. शुक्रवारी मी गप्प बसून रोटी मोडू देईन. तू आजीला काही सांगू नकोस."

आई, माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. तिला आपल्या संस्कारांनीच नाही म्हणायला इतक्या लांब आणलं होतं, आणि मी तिलाच संस्कार शिकवत होते.

दोघी तशाच बसलो. रडून भूक लागते म्हणून मी पिशवीतून वाटेसाठी आदल्या दिवशी भाजून घरून आणलेल्या रोट्या काढल्या. बघते तर सगळ्यांना बुरशी! मी शहाणीने पिशवी त्या गरम जमिनीवर ठेवली होती ना. टाकता तर येत नाही, पाखरांना तुकडे करून घालायला लागलो. इरोदा डोळे पुसत म्हणाली, "घरी खिळ्यावरच्या आपल्या रोट्यांचंही असंच झालं असेल." मी म्हटलं, माझी खराब झाली असेल, दूध-लोण्याची होती, आठवडाभरात परतणाऱ्यासाठी तशीच करतात, म्हणजे आल्यावर खाता येते. तुझी नाही व्हायची, तुझी तर... आणि माझा हात तिथेच थांबला.

दोन पराती! तिची कणीक तुम्ही वेगळी मळली होती. नुसत्या पाण्यात, दूध नाही, लोणी नाही, दात पडतील अशी कडक. तशी रोटी मी या घरात एकदाच पाहिली होती, नवी नवरी होते तेव्हा. तुम्हीच दाखवली होती. लग्नानंतर लगेच इरोदाचे बाबा सैन्यात गेले तेव्हाची. दोन वर्षं खिळ्यावर होती आणि तिचा कणही हलला नव्हता. सहलीला जाणाऱ्या पोरीसाठी कोणी तशी रोटी भाजत नाही, आई. तुमच्यासारखी चाळीस वर्षं तंदूरपुढे बसलेली बाई तर चुकूनही नाही.

मग मला ती संध्याकाळ आठवली. मालिकेत स्वयंपाकघरातली पोर राजवाडा सोडून निघाली होती आणि तुम्ही पडद्याकडे बघत सांगितलंत, की तुम्हालाही सतराव्या वर्षी ताशकंदच्या नृत्यपथकात घेतलं होतं, घास तोडून निघालाही होतात, आणि स्टेशनवरूनच वडिलांनी परत आणलं. त्याच रात्री ती रोटी पुढे ठेवली, "आलीस ना परत? संपव." तुम्ही संपवलीत. मी काही विचारायच्या आत तुम्ही "आवाज वाढव जरा" म्हणालात आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. वेरा बाई दर गुरुवारी तुमच्याकडून रोट्या नेतात. तुम्हाला केव्हापासून माहीत होतं, हे मी विचारणार नाही. थोरल्या भावापुढे तुम्ही तोंड उघडलं नाहीत, जे सांगायचं ते परातीत सांगितलंत. आणि मी वेडी, पराती घासायला लागतात म्हणून कुरकुरले.

आज सकाळी दार उघडायच्या आधी आम्ही दोघी त्या खोलीबाहेर उभ्या होतो. बाई आल्या. इरोदा माझ्या पाठीमागे सरकली. म्हणून मीच पुढे झाले, अटलसचा झगा सावरला, कमरेत वाकले आणि मला येणारं दुसरं वाक्य म्हटलं, "महाराज, आज्ञा शिरसावंद्य!" बाई हसून खुर्चीत बसल्या. इरोदा माझ्या पाठीला बिलगून हमसाहमशी रडली. व्हिसाचे कागद कसे बदलायचे ते त्या बाई बघतायत, आणि बेकरीच्या मालकिणीने वरची खोली देऊ केलीय. पाव सरळ ठेवायच्या अटीवर!

तेव्हा हे पत्र यासाठी, की मी गुरुवारी एकटी येतेय. विमानतळावर एकटीला बघून तुमचा मुलगा घाबरेल, त्याला तुम्हीच सांभाळा, तुमच्या शब्दाबाहेर तो नाही. शुक्रवारी पाहुण्यांना पुलाव पोटभर वाढू, मोठ्या कानांच्या मुलाला झगा भेट देऊ, आणि भाऊंनी रोटी हातात घेतली की तुमच्याआधी मी बोलेन. शिव्या मला बसू देत. तुम्हाला एकदा गप्प बसावं लागलं, आता पुन्हा नको. माझी रोटी बुरसटलेली असली तरी काढून ठेवा, वरचं खरवडून खाईन. इरोदाच्या रोटीला मात्र हात लावू नका. टांगलेली राहू दे. टिकेल ती, तुम्ही मळलीय.

तुमचीच,
झुलैहो