बरणीतला सरदार

ता. ४ जून

चि. चिमीस, अ. आ.

माशांची टाकी फुकटात झाली असं मी सगळ्यांना सांगतोय. खरा हिशेब तुलाच कळवतो: दुकानातली काच, सिलिकॉनच्या दोन नळ्या, पाठीत भरलेली उसण, आणि तुझ्या वहिनीचा चार दिवस अबोला; कारण टाकीच्या जागी तिचं शिलाई मशीन होतं. पण सांधे बघत राहशील! चाळीस वर्षं काचा बसवतोय, माझ्या हातचा सांधा कधी पाझरला नाही. सकाळी पाणी भरलं, दुपारी सहा मासे सोडलेसुद्धा.

लहानपणी बरणीत ठेवलेला आपला मासा, सरदार, आठवला. खिडकीत ऊन आलं की पाण्याची सोनेरी लकेर छतावर नाचायची, आणि आपण दोघं उताणे पडून बघायचो. सुट्टीत ये. खायला मात्र मीच घालणार! तुझ्या हातचं खाऊन सरदार गेला, तेवढं पुरे.

लोभाची पातळी उतरू देऊ नकोस.

तुझा दादा

ता. ११ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

वहिनीला म्हणावं, चार दिवसांत सोडलंस, फार स्वस्तात सोडलंस.

सरदाराची थट्टा तू पन्नास वर्षं करतोयस. माझ्या नवऱ्याला तर लग्नाआधीच सांगून ठेवलीस. मला मात्र ते चिमूटभर पीठ अजून दिसतं. त्यानंतर मी घरात मुका जीव ठेवला नाही. नातीने आणलेलं मांजराचं पिल्लूही परवा शेजारी देऊन टाकलं. माझ्या हाताला गुण नाही. तेव्हा यंदा येत नाही. तुझे मासे तरी सुखरूप राहोत.

राग नाही, लोभ ठेव.

चिमी

ता. २९ जून

चि. चिमीस, अ. आ.

सहातले पाच गेले. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ दिसलं म्हणून मी टाकी उपसली, वाळू खळखळून धुतली, नळाचं ताजं पाणी भरलं. मासेवाला म्हातारा म्हणाला, साहेब, तुम्ही त्यांना अंघोळ घातली की फाशी दिली? नवी टाकी आधी महिनाभर मुरू द्यायची, मग एकेक मासा सोडायचा. पाणी आठवड्याला पाव भागच बदलायचं, तेही दिवसभर बादलीत ठेवून. उरलेला मासा त्याने आपल्याकडे सांभाळायला ठेवलाय.

मी तिथल्या स्टुलावरच बसलो. चिमे, सरदार गेला त्याच्या आदल्या दिवशी तू आत्याकडे गेली होतीस. मी बरणी घासून लख्ख केली, नळाखाली भरली. संध्याकाळी तू पीठ टाकलंस, सकाळी सरदार उताणा. दोष पाण्याचा असेल, हे मला तेव्हाच सुचलं होतं. बोललो नाही, तू धाकटी, तुला मार बसणार नव्हता. पुढे थट्टा चालू ठेवली, म्हणजे कोणी काही विचारणार नाही.

आता पहिला मासा तुझ्या हातूनच. तू नाही आलीस तर टाकी रिकामीच राहील.

ज्याला लोभ मागायला तोंड नाही तो,
दादा

ता. १७ ऑगस्ट

ती. दादास, सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तुझं पत्र वाचून दोन दिवस धुमसले, तिसऱ्या दिवशी तिकीट काढलं, हे तुला तोंडावर सांगायचं राहिलं. मी निघाले तेव्हा एकेक करून सोडलेले चारही मासे माझ्या हातचं खात होते. आणि दुपारची ती लकेर! आपण दोघं म्हातारे छताकडे माना वर करून, आणि वहिनी विचारतेय की पंखा बिघडला का. पिल्लू शेजारून परत आणलंय. चांगलं ओरबाडतं.

लोभ जुनाच आहे, मुरलेला.

चिमी

ता. क. वहिनी सांगू नकोस म्हणाली होती, पण आपल्यात लपवाछपवी पुरे झाली. टाकीचा डावा कोपरा गळतो. तिने खाली वाटी ठेवलीय. तू उठायच्या आत रोज रिकामी करते.