पलीकडच्या वर्गातला भोंगा

सोमवार, ३ फेब्रुवारी
आज पाप झालं. भर वर्गात, हातात खडू असताना!

पलीकडच्या वर्गात इतिहासाचे सर. मुलं त्यांना भोंगा म्हणतात. मीही, मनात. मध्ये नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. मी इकडे संख्याशास्त्र शिकवतेय, संभाव्यतेची सूत्रं, आणि तिकडून तोफा, घोडे, हत्ती! एका मुलीच्या वहीत सूत्राखाली कुठल्याशा राजाचा मृत्यू उतरला. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "प्रभू, या माणसाचं तोंड बंद कर!"

मुलांना वाटलं, मॅडम सूत्र आठवतायत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
भोंग्याचा आवाज बसला. पार बसला!

बुधवार, ५ फेब्रुवारी
योगायोग. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही — जन्मभर हेच शिकवत आलेय. आज स्वतःला शिकवलं. विद्यार्थिनी मठ्ठ निघाली.

नवऱ्याला सांगितलं. तर म्हणे, "तुझी वर एवढी ओळख आहे, मग माझ्या गुडघ्याचं काय?"

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
भोंग्याचे तास कोण घेणार, असं विभागप्रमुखांनी विचारलं. माझा हात आपोआप वर! इतिहासातलं मला ओ की ठो कळत नाही.

"मॅडम, राजा लढाई का हरला?"

"सैन्याची सरासरी कमी पडली."

वर्ग हसून लोळला. मग मला चेव चढला. हत्ती काढले, तोफा काढल्या. तेवढ्यात माझ्याच वर्गाच्या बाजूने पार्टिशनवर टकटक — "जरा हळू, मॅडम! इकडे परीक्षा चालू आहे."

रविवार, ९ फेब्रुवारी
चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना गाठून सगळं सांगितलं. वाटलं, धीर देतील. ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले.

"बाई, शत्रूसाठी प्रार्थना करा असं सांगितलंय. शत्रूवर नाही!"

मग गंभीर झाले. "जाऊन सांगा त्यांना."

सांगा म्हणे! देव म्हटलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांना?

सोमवार, १० फेब्रुवारी
सांगितलं. एका दमात, स्टाफरूममध्ये, चहा गार होईपर्यंत.

सरांनी ऐकून घेतलं. मग कागदावर लिहिलं — "देव नाही. पण असलाच, तर तो तुमचं नको इतकं ऐकतो." आणि खांदे गदगदा हलवत हसले. आवाजाशिवाय. मला रडूच फुटलं. त्यांनी घाईघाईने आपला रुमाल दिला. त्यालाही खडू लागलेला. डोळे आणखीच चुरचुरले.

"घसा डॉक्टरला दाखवा," मी म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आवाज बसल्यावर कोण डॉक्टरकडे जातं, अशा थाटात हात उडवला.

"माझ्यासाठी जा. मला झोप लागत नाही हो!"

त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग लिहिलं — "बरं. रडू नका."

गुरुवार, १३ फेब्रुवारी
सर रजेवर. पलीकडे चिडीचूप. अख्खा धडा शिकवून झाला, एकदाही कुणी व्यत्यय आणला नाही. शेवटच्या बाकावरचे तिघं गाढ झोपले. मलाही जांभई आली. इतकी शांतता कुणी मागितली होती?

— मीच.

शनिवार, १५ फेब्रुवारी
संध्याकाळी सर घरी आले. दारातच उभे राहून लिहून आणलेला कागद पुढे केला. घशात गाठ निघालीय. सोमवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात म्हणून बरं, महिनाभर अंगावर काढलं असतंत तर अवघड होतं.

नवऱ्याने टीव्ही बंद केला, खुर्ची पुढे केली. मी सरांसमोर बसले, डोळे मिटले. रोजचे शब्द, पण एकही सुचेना. तेवढ्यात समोरून खरखरीत कुजबुज आली —

"प्रभू..."

मी डोळे उघडले. सरांचे मिटलेलेच होते.

"पुढे काय म्हणतात, मॅडम?"