दुखवट्याचा फराळ

१ जानेवारी, गुरुवार
कंपनीचा वर्षअखेरचा शटडाउन संपला. उद्या पहिली शिफ्ट. सकाळी चहा आणि कालच्या सोसायटी पार्टीतला केक. दुपारी उरलेला केक. शुभेच्छांचा पाऊस. सगळ्यांना एकच हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळा झालो.
धुमाळचा फोन. माझ्याच प्रेस शॉपमधला, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसतो. "नव्या वर्षाचं काय ठरवलं राव?" म्हटलं, काही नाही. खरंच काही नाही.
पँटचं बटण लागत नाही. पट्ट्यावर भागवतो.

२ जाने.
क्रेनवर चढलो. खाली माणसं, प्रेस, प्रेसचे अवजड लोखंडी साचे, म्हणजे डाय. वर केबिनमध्ये मी एकटा. तिथे कोणी "आता कसं वाटतंय" विचारत नाही. चांगली जागा आहे.

४ जाने.
पल्लवीचा राजगुरुनगरहून फोन. पोरीला काळजी. म्हणाली, पप्पा, सुट्टीत काय खाल्लंत? काय सांगणार.
तिची आई, सुनंदा, श्रावणात गेली. दुखवट्याच्या घरी दिवाळीला कढई ठेवत नाहीत, फराळ बाहेरून येतो, हे माहीत होतं. किती येतो ते माहीत नव्हतं. समोरच्या शिंदे वहिनी, मजल्यावरची बाकीची घरं, पल्लवीचं सासर. नको म्हणायची रीत नाही. रात्री ताटात दोन करंज्या, थोडी शेव, की झालं जेवण. मग लग्नांचे लाडू, मग गाजरहलवा. चव आठवत नाही. एक डबा संपला की दुसरा उघडायचा. बास.

६ जाने.
कंपनीचं वार्षिक मेडिकल. रक्त, लघवी, डोळे, वजन. वजनकाट्यावरच्या पोराने आकडा दोनदा बघितला.

८ जाने., गुरुवार. सुट्टी, तरी बोलावलं.
डॉक्टर मॅडम चिडल्या. "काका, ही साखर आहे का काय आहे? वर चक्कर आली आणि खाली माणूस असला तर?" बरोबर बोलल्या. तूर्त अनफिट. गोळ्या दिल्या. दोन आठवड्यांनी परत रक्त. उतरली नाही तर क्रेन बंद, कायमची. स्टोअरला बसवतील.
सही करून बाहेर आलो. काही वाटलं नाही. एवढी वर्षं त्या शिडीने चढलो, आणि काही म्हणजे काही वाटलं नाही. याचीच जरा भीती वाटली.

९ जाने.
शिंदे वहिनी डबा घेऊन आल्या. बेसनाचे लाडू. मग सांगावंच लागलं. दारातच बसल्या.
"भाऊजी, तुमचा डबा रिकामा यायचा तर आम्हाला किती बरं वाटायचं. म्हटलं, जेवायला लागले, सावरले. म्हणून तर परत भरून द्यायचो हो."
म्हणजे अख्खा मजला माझे रिकामे डबे बघून समाधान मानत होता. आणि मी ते संपवत होतो, कारण समोर होते. एरवी हसलो असतो. वहिनी रडायला लागल्या. त्यांना पाणी दिलं. लाडू परत पाठवले.

१२ जाने.
चार दिवस खालीच. वर गायकवाड, दुसऱ्या शिफ्टचा. आज डाय उचलताना हुक नीट मधोमध आणलाच नाही. उचलला आणि डायने झोका घेतला. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. सगळे बघत राहिले. कोणाला लागलं नाही.
राग आला होता. गायकवाडचा आला, माझा जास्त आला. ती क्रेन माझी आहे.
धुमाळ बसमध्ये म्हणाला, "लई जीव हाय नव्हं क्रेनवर? मग तोंड आवर की राव. आमी काय तुज्या तोंडाला कुलूप लावायचं?"

१४ जाने. संक्रांत
वहिनी दारात घुटमळल्या. हात रिकामे. "तिळगूळ देत नाही. नुसतंच गोड बोला." ज्वारीचं पीठ मात्र ठेवून गेल्या.
पल्लवी म्हणते येऊन राहते. नको म्हटलं. तिला तिचं घर आहे.

१७ जाने.
फ्रिजमध्ये मागे एक पेढा होता. कुणाच्या बारशाचा असेल. तोंडात गेल्यावर कळलं. थुंकला नाही. गिळून टाकला. मग डांगे चौकापर्यंत पायी गेलो आणि आलो. त्याने काय होणार.

१९ जाने.
कॅन्टीनला जिलेबी. धुमाळने माझी वाटी न विचारता उचलली आणि दोन्ही वाट्या खाल्ल्या. मैत्री.
स्टोअरचे साहेब येऊन गेले, खुर्ची वगैरे दाखवतो म्हणाले. पंखा चांगला आहे तिथे. मला नको ती खुर्ची.

२२ जाने., गुरुवार
लॅबला उपाशी गेलो. गर्दी. नंबर उशिरा लागला. रक्त काढल्यावर बाई म्हणाल्या, "आता जेवून या काका. दोन तासांनी दुसरं घ्यायचंय." बाहेर पोह्यांची गाडी, शेजारी गरम जिलेबी. पोटात मोठ्याने आवाज झाला. शेजारच्या माणसाने वळून बघितलं. लाज वाटली. पाय भराभर घराकडे निघाले.
पीठ मळलं. पहिली भाकरी थापतानाच फाटली. दुसरी तव्याला चिकटली. ओट्याशी उभ्यानेच खाल्ली, कांदा आणि तेल-तिखट घेऊन. करपली होती ते कळत होतं. पीठ जरा कडवट होतं तेही कळत होतं. तिसरी केली.
रिपोर्ट संध्याकाळी. उतरली असेल, नसेलही. आता दुसरं रक्त द्यायला निघतो.
सुनंदा, आज भूक लागली होती गं.